काबूलशी मैत्री म्हणजे कुणाशी मैत्री?

१० ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीतल्या अफगाण दूतावासात तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांची पत्रकार परिषद झाली. समोरच्या खुर्च्यांवर फक्त पुरुष होते. महिला पत्रकारांना आत घेतलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला आणि संताप व्यक्त होऊ लागला. या परिषदेच्या आयोजनाशी आपला काही संबंध नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं. दोनच दिवसांनी, १२ तारखेला, मुत्तकींनी दुसरी पत्रकार परिषद घेतली. या वेळी महिला पत्रकार पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांनी अफगाण मुलींच्या शिक्षणाबद्दल थेट प्रश्न विचारले. आधीचा प्रकार मुद्दाम केला नव्हता, वेळ कमी होता, यादी छोटी होती, असं काहीतरी मुत्तकींनी सांगितलं. त्यावर कुणी विश्वास ठेवावा असं नाही.

त्या आठवड्यात पुष्कळ काही घडलं. काबूलमधल्या भारताच्या टेक्निकल मिशनला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा झाली, रुग्णवाहिका भेट दिल्या गेल्या, संयुक्त निवेदन निघालं. आम्हाला मात्र त्या दोन दिवसांतला बदल सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या सत्तेनं चार वर्षांत मुलींच्या प्रश्नावर जगात कुणाचं ऐकलं नाही, तिला दिल्लीत अठ्ठेचाळीस तासांत एक पाऊल मागे घ्यावं लागलं. पाऊल छोटं होतं, बरंचसं दिखाऊही होतं. पण त्यातून एक कळलं, की तालिबानला आज भारताची गरज आहे आणि त्या गरजेमुळे भारताच्या शब्दाला तिथं वजन आहे. हे वजन आपला देश कशासाठी खर्च करणार, आणि आपण मुसलमान तरुण त्याबद्दल काही बोलणार की नाही, हा आजचा विषय आहे.

आधी थोडं मागे जाऊ. ४ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी भारत-अफगाणिस्तान धोरणात्मक भागीदारी करारावर सह्या केल्या. अफगाणिस्ताननं कुठल्याही देशाशी केलेला अशा प्रकारचा हा पहिला करार. करझाई स्वतः सिमल्यात शिकलेले. करारात सुरक्षा होती, व्यापार होता, शिक्षण आणि क्षमताविकास होता, लोकांचं येणं-जाणंही होतं. अफगाण सुरक्षा दलांना प्रशिक्षण आणि साधनसामग्री देण्याचं भारतानं मान्य केलं होतं. हा करार कुठल्याही तिसऱ्या देशाविरुद्ध नाही, असंही त्यात लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी करझाईंनी दिल्लीतच सांगितलं, की पाकिस्तान आमचा जुळा भाऊ आहे आणि भारत थोर मित्र. तरी सगळ्या जगानं तो करार पाकिस्तानकडे बघतच वाचला. दोनच आठवड्यांपूर्वी काबूलमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष बुऱ्हानुद्दीन रब्बानी यांची हत्या झाली होती. २००८ च्या जुलैत आपल्या काबूल दूतावासाच्या दारात झालेल्या स्फोटाची जखम ताजी होती. त्यात पन्नासहून जास्त माणसं गेली. बहुतेक अफगाण होते, आणि आपले एक ब्रिगेडियर आणि एक राजनैतिक अधिकारीही त्यात मारले गेले. अशा काळात केलेल्या करारात सुरक्षेचा शब्द सर्वांत वर येणं साहजिक होतं.

आज चौदा वर्षांनी त्या कराराकडे बघितलं तर काय उरलंय?

सुरक्षेचा भाग जवळजवळ पुसला गेला आहे. भारतानं दिलेली मी-३५ हेलिकॉप्टरं ज्या हवाई दलासाठी होती ते दलच २०२१ च्या ऑगस्टमध्ये विरघळलं. त्यातलं एक कुंदूझच्या विमानतळावर, पाती काढलेल्या अवस्थेत, तालिबानच्या हाती लागलं. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत आणि डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत अफगाण कॅडेट शिकत होते. काबूल पडलं तेव्हा डेहराडूनच्या प्रशिक्षणात असलेल्यांना परत जायला सैन्यच उरलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत भारतानं सुमारे ऐंशी अफगाण कॅडेटना ऑफिसच्या कामकाजासाठी लागणाऱ्या इंग्रजीचा वर्षभराचा कोर्स देऊ केला. लेफ्टनंट व्हायला आलेली पोरं ईमेल कसा लिहावा ते शिकायला बसली. हसू येतं, पण त्या वेळी त्यांच्यासाठी दुसरं काय करता आलं असतं हेही आम्हाला सांगता येत नाही. निदान त्यांना बाहेर काढलं नाही, याचं श्रेय द्यायला हवं.

नियतीचा खेळ असा, की तालिबानचे उप परराष्ट्रमंत्री झालेले शेर मोहम्मद अब्बास स्तानकझई हेही १९८२ साली त्याच डेहराडूनला शिकून गेले होते. ३१ ऑगस्ट २०२१ ला दोह्यात भारताच्या राजदूतांना भेटायला आले ते हेच. आणि २०२५ च्या जानेवारीत मुलींच्या शिक्षणबंदीवर तालिबानच्या आतून जाहीर टीका केली तीही यांनीच. त्यानंतर त्यांना देश सोडावा लागल्याच्या बातम्या आल्या. डेहराडूनच्या शिक्षणामुळे ते तसं बोलले असं म्हणणं बालिशपणाचं होईल. पण शिकवलेला माणूस कुठल्या बाजूला जाईल आणि कधी काय बोलेल, हे शिकवणाऱ्याला ठरवता येत नाही, एवढं नक्की.

विकासाच्या भागाचं उलट झालं. हेरातच्या पूर्वेला, हरी नदीवर, सलमा धरण आहे. १९७० च्या दशकात त्याचा आराखडा झाला, मग युद्धांत काम अडकलं, पुढे भारतानं ते हाती घेतलं. पाकिस्तानातून माल नेता येत नव्हता. मग लोखंड आणि यंत्रं जहाजानं इराणच्या बंदर अब्बासला, तिथून बाराशे किलोमीटर ट्रकनं इस्लाम कला सीमेपर्यंत आणि तिथून पुढे आणखी तीनशे किलोमीटर, असा प्रवास करून गेली. ४ जून २०१६ ला उद्घाटन झालं. वीजनिर्मिती ४२ मेगावॉट. आपल्या कोयनेच्या १,९६० मेगावॉटपुढे हे चिमुकलंच. पण पंचाहत्तर हजार हेक्टरला पाणी द्यायची त्याची योजना आहे, आणि हेरातच्या शेतकऱ्यासाठी पाणी ही मेगावॉटपेक्षा मोठी गोष्ट आहे.

धरण ज्या तालुक्यात आहे त्याचं नाव चिश्त-ए-शरीफ. हो, तेच चिश्त. अजमेरच्या ख्वाजांच्या नावापुढे जे लागतं ते. सुमारे हजार वर्षांपूर्वी या गावात चिश्ती सिलसिला सुरू झाला आणि पुढे अजमेर, दिल्ली करत चौदाव्या शतकात आपल्या दौलताबाद-खुलदाबादपर्यंत आला. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जर जरी जर बख्श यांचे दर्गे तिथं आहेत. उरुसाला खुलदाबादला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की आपल्या देशानं त्या मूळ गावाच्या नदीवर धरण बांधून दिलंय? मला पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कळलं, तेही कोंढव्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या हेरातच्या एका मुलाकडून. तो अभिमानानं सांगायचा, की तुमचे लोक आमच्याकडे धरण बांधतायत. घरमालकानं त्याच्याकडून डिपॉझिट आमच्या दुप्पट घेतलं होतं, तेही तो हसतच सांगायचा.

२०२१ च्या जुलैत या धरणाच्या परिसरात तालिबानचे तोफगोळे पडत होते. धरणाला धक्का बसला तर खालची गावं वाहून जातील, असा इशारा अफगाण जल प्राधिकरणानं दिला होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच तालिबानच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या संयुक्त निवेदनात सलमा धरणाच्या उभारणीचा आणि देखभालीचा उल्लेख कौतुकानं आला. पाणी आणि जलविद्युत प्रकल्पांवर आणखी सहकार्य करायचं ठरलं. धरणाला कुणाची राजवट आहे त्याच्याशी देणंघेणं नसतं.

असंच आणखी बरंच आहे. इराणच्या सीमेवरच्या झरंजपासून देलारामपर्यंतचा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशननं बांधला. त्या कामावरच्या केरळच्या एका ड्रायव्हरचं २००५ मध्ये तालिबाननं अपहरण करून त्याला ठार मारलं. याच झरंजहून २०१९ च्या फेब्रुवारीत तेवीस ट्रक सुकामेवा, गालिचे, कापड घेऊन चाबहार बंदराकडे निघाले आणि तो माल समुद्रमार्गे मुंबईला आला. पुल-ए-खुमरीपासून काबूलपर्यंत हिंदुकुश ओलांडून येणारी २२० किलोव्होल्टची वाहिनी भारतानं उभी केली. उझबेकिस्तानची वीज तिच्यावरून काबूलला येते. भारताच्या सरकारी आकड्यांनुसार सगळ्या चौतीस प्रांतांत मिळून चारशेहून जास्त प्रकल्प झाले आणि तीन अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला. काबूलची संसदेची इमारतही त्यातच आली. तिचं उद्घाटन २५ डिसेंबर २०१५ चं. आज त्या देशात निवडून आलेली संसद नाही. घुमट आहे, सभागृह आहे, सदस्य नाहीत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज बघतो. कोड लिहिताना सगळे हजर असतात. पाच वर्षांनी तो चालू ठेवायला कोण आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. भारताच्या अफगाण मदतीत चालू ठेवणारी माणसं कोण होती? इथं शिकून गेलेली. म्हणून कराराच्या सगळ्या कलमांत शिक्षणाचं कलम आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आयसीसीआरमार्फत दर वर्षी एक हजार अफगाण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळत होती. स्वतःच्या खर्चानं येणारे वेगळे. त्यांतले पुष्कळ पुण्यात यायचे. कोंढवा, कॅम्प, विद्यापीठाचा परिसर इथं रमजानमध्ये त्यांची इफ्तारी असायची आणि त्यात मुलीही असायच्या. त्या ज्या विद्यापीठाची पदवी घेऊन जायच्या त्याचं नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. काबूलच्या एखाद्या घरात भिंतीवर सावित्रीबाईंच्या नावाची पदवी लावलेली असणार. आज त्या घरातल्या धाकट्या मुलीला सहावीनंतर शाळा नाही.

आणि इथं आपल्याला स्वतःच्या देशाबद्दल एक कडवट गोष्ट बोलावी लागते. अफगाण विद्यार्थ्यांचा रस्ता आधी तालिबाननं बंद केला नाही. आपण बंद केला.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. २५ ऑगस्टला भारताच्या गृहमंत्रालयानं जाहीर केलं, की भारताबाहेर असलेल्या सर्व अफगाण नागरिकांचे आधी दिलेले व्हिसा रद्द समजावेत. काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या होत्या, त्यामुळे सुरक्षेसाठी हे करावं लागलं, असं कारण दिलं गेलं. त्या क्षणी ते कारण खोटं नसेल. पासपोर्ट चुकीच्या हातात जाणं धोक्याचं असतं. मात्र हरवलेले पासपोर्ट मोजके आणि रद्द झालेले व्हिसा सगळ्यांचे, याचा मेळ कसा बसतो? ज्यांच्या खऱ्या व्हिसाची नोंद आपल्याच सर्व्हरवर होती, प्रवेश आपल्याच विद्यापीठात होता, फी भरलेली होती, ते सगळे एका ओळीच्या आदेशानं बाहेर राहिले. कोरोनामुळे घरी गेलेले विद्यार्थी तिथंच अडकले. इमर्जन्सी ई-व्हिसाचा पर्याय दिला होता. त्यासाठी अर्ज करून माणसं महिनोन्महिने उत्तराची वाट बघत राहिली.

त्याच आठवड्यातली आणखी एक घटना. फरयाब प्रांतातून निवडून आलेल्या खासदार रंगीना करगर २० ऑगस्टला राजनैतिक पासपोर्टवर दिल्ली विमानतळावर उतरल्या. त्यांना आत येऊ दिलं नाही, दुबईमार्गे इस्तंबूलला परत पाठवलं. पुढे भारतीय अधिकाऱ्यांनी खेद व्यक्त केला. दोन दिवसांनी अफगाण संसदेतल्या दोन शीख सदस्यांना भारतीय विमानानं सुखरूप आणलं गेलं. त्यांना आणलं हे शंभर टक्के बरोबर होतं, त्यांचा जीव धोक्यात होता. पण रंगीना करगर यांचाही होता. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तानचं नाव आहे, मुसलमानांचं नाही. हजारा असो, महिला न्यायाधीश असो, पत्रकार असो, तालिबानच्या भीतीनं पळालेला मुसलमान त्या कायद्याच्या नजरेत छळ झालेला माणूस ठरत नाही. ज्या संसदेची इमारत आपण बांधली तिच्यातल्या एका बाईला आपण विमानतळावरून परत पाठवलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं, की मैत्री इमारतीशी चालू होती.

इथं कुणी म्हणेल, राजनय असाच चालतो. देश हिताकडे बघतात. मान्य. भारतानं तालिबानशी बोलू नये असं आमचं म्हणणं नाही. उलट बोलायलाच हवं. २०२२ च्या फेब्रुवारीत अटारीहून गव्हाचे ट्रक पाकिस्तानमार्गे गेले, पन्नास हजार टन गहू द्यायचं भारतानं कबूल केलं, लसी आणि औषधं गेली. काबूलमध्ये आपली माणसं परत गेली नसती तर हे नीट पोचलंच नसतं. भूकबळी टाळायला सत्ताधाऱ्याशी हात मिळवावा लागतो. औपचारिक मान्यता न देता दूतावास चालवणं हीसुद्धा समजण्यासारखी कसरत आहे.

आक्षेप वेगळा आहे. २०११ मध्ये सुरक्षेचा हिशेब असा होता, की पाकिस्तानचा पाठिंबा असलेल्या तालिबानविरुद्ध काबूल सरकारला बळ द्यायचं. २०२५ मध्ये हिशेब असा, की पाकिस्तानशी बिघडलेल्या तालिबानला जवळ करायचं. मुत्तकी दिल्लीत होते त्याच दिवसांत पाकिस्तान-अफगाण सीमेवर गोळीबार सुरू झाला होता. दोन्ही वेळा तिसऱ्याकडे बघून मित्र ठरला. उद्या इस्लामाबाद आणि काबूलचं जमलं, आणि ते पूर्वी पुष्कळदा जमलेलं आहे, तर या मैत्रीचं काय होणार? सुरक्षेला टिकाऊ आधार हवा असेल तर तो तिथल्या माणसांत असावा लागेल, आणि त्यातली अर्धी माणसं आज घरात कोंडलेली आहेत.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. मुत्तकी ११ ऑक्टोबरला देवबंदला गेले. तिथं प्रचंड गर्दीत त्यांचं स्वागत झालं. जावेद अख्तर यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि मग आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन तट पडले. एका तटाला वाटलं, चला, ज्या सरकारच्या समर्थकांनी आपल्याला तालिबानी म्हणून हिणवलं, त्यांच्याच सरकारनं तालिबानसाठी लाल गालिचा अंथरला, बरी जिरली. दुसरा तट गप्प बसला, कारण बोललो तर कुणाला तरी पुरावा मिळेल ही भीती.

पहिल्यांना आम्ही म्हणू, जिरवण्याचा आनंद समजतो, तो आम्हालाही क्षणभर झाला. पण त्या गालिच्याखाली हेरातच्या मुलींच्या शाळा झाकल्या गेल्या, त्याचं काय? २०२२ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठं बंद झाली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नर्सिंग आणि सुईणीचे अभ्यासक्रमही बंद झाले. पुरुष डॉक्टरांकडे बाईनं जायचं नाही आणि बाईनं डॉक्टर-नर्स व्हायचंही नाही, तर बाळंतपणं कुणी करायची? याला दीन म्हणायचं? इल्म हा बाई-पुरुष दोघांवर फर्ज आहे हे आपण लहानपणी मदरशातच शिकलो. इजिप्त, इंडोनेशियापासून सौदीपर्यंत मुली विद्यापीठात शिकतायत. तालिबानचा हुकूम त्यांचा आहे, इस्लामचा नाही, आणि हे बोलायला आपल्याला कुणाची परवानगी नको.

गप्प बसणाऱ्यांची भीती मात्र खरी आहे. शाळेत पानिपतचा धडा आला की वर्गातल्या माना आमच्या बाकाकडे वळायच्या. अब्दाली जणू आमचा मामा. त्याच लढाईत मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहीमखान गारदी पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला, हे सांगायला गुरुजींना वेळ नसायचा. अफगाणिस्तानचं नाव निघालं की आपल्याकडे खुलासा मागितला जातो, ही सवय जुनी आहे. पण खुलासा देणं आणि मत मांडणं यांत फरक आहे. खुलासा दुसऱ्याच्या प्रश्नाला दिला जातो. मत आपण नागरिक म्हणून आपल्या सरकारपुढे ठेवतो. या देशाच्या परराष्ट्र धोरणावर बोलायचा हक्क आपल्याला कर भरणारे, मत देणारे म्हणून आहे.

मग मागायचं काय? आम्हाला एक गोष्ट मागावीशी वाटते, आणि ती करण्यासारखी आहे.

२०२५ मध्ये भारतानं अफगाण नागरिकांसाठी व्हिसाची नवी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. तीत विद्यार्थ्यांसाठीही सोय आहे, रुग्णांसाठीही आहे, आणि रुग्णासोबत येणाऱ्या अटेंडंटसाठी वेगळा प्रकार आहे. चार वर्षांनी का होईना, हे चांगलं झालं. पण यातला विद्यार्थी व्हिसा काबूलच्या मुलीच्या उपयोगी पडेल का? तालिबानच्या नियमानुसार बाईला महरमशिवाय लांबचा प्रवास करता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुबईच्या एका उद्योगपतीची शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींना काबूल विमानतळावरच अडवलं गेलं. म्हणजे मुलीच्या हातात भारताचा व्हिसा असून उपयोग नाही, सोबत भाऊ किंवा बाप हवा आणि त्यालाही व्हिसा हवा. रुग्णासोबत अटेंडंट चालतो तर विद्यार्थिनीसोबत महरम का नको? निदान तिला पोचवून जाण्यापुरता तरी. महरमची अट आम्हाला मान्य आहे म्हणून आम्ही हे म्हणत नाही. दरवाजा अर्धाच उघडत असेल तर अर्ध्यातून माणूस बाहेर काढायचा असतो, म्हणून म्हणतो. आणि ज्या अफगाण मुली आधीच इराणमध्ये किंवा मध्य आशियात पोचल्या आहेत, त्यांचे अर्ज तिथल्या भारतीय दूतावासांत वेगळ्या रांगेत घ्यायला तालिबानला विचारायची गरजच नाही.

भारत अफगाण विद्यार्थ्यांना ऑनलाइन पदवीसाठी शिष्यवृत्त्या देतो, याचं स्वागत आहे. घरात कोंडलेल्या मुलीसाठी ती मोठी खिडकी आहे. पण माझ्या धंद्यामुळे मला एक शंका येते. २९ सप्टेंबर २०२५ ला तालिबाननं संपूर्ण देशाचं इंटरनेट सुमारे अठ्ठेचाळीस तास बंद केलं. त्याआधी बल्खसारख्या प्रांतांत अनैतिकता रोखण्याच्या नावाखाली फायबर तोडलं होतं. मुत्तकी दिल्लीत यायच्या दहा दिवस आधीची ही गोष्ट. पुल-ए-खुमरीच्या वाहिनीवरून आलेल्या विजेवर मुलगी लॅपटॉप चालू करेल, पण वर्ग उघडायचा की नाही हे कंदाहारहून ठरेल. त्यामुळे ऑनलाइन कोर्सला पर्याय म्हणून नव्हे, तर जोड म्हणून बघायला हवं. डाउनलोड करून ठेवता येणारे धडे, परीक्षेच्या लवचीक तारखा, नेट नसेल तर मुदतवाढ, एवढं तरी त्यात हवं.

आणि पुन्हा ते वजन. नवीन धरणं, पाण्याचे प्रकल्प यांवर दोन्ही देश बोलणार आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत काबूलला पाणी देणाऱ्या शहतूत धरणाचा करार झाला होता, तो सहा महिन्यांत अधांतरी लटकला. तो पुन्हा टेबलावर आला तर त्याच टेबलावर भारतानं शिष्यवृत्तीच्या मुलींची यादी ठेवावी. पाणी अडवा असं आम्ही म्हणत नाही. तहानलेल्या काबूलला पाणी मिळालंच पाहिजे. पण जो पाहुणा आपल्याकडून इंजिनिअर मागतो, त्याला आपण विमानतळावर मुलींना अडवू नका असं सांगू शकतो. दोन पत्रकार परिषदांमधल्या अठ्ठेचाळीस तासांनी एवढं दाखवून दिलंय.

मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासात २०२४ च्या नोव्हेंबरपासून तालिबाननं नेमलेले इक्रामुद्दीन कामिल बसतात. ते दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत शिकलेले आहेत. भारतात शिकण्याचं मोल त्यांना समजावून सांगावं लागू नये. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर झाकिया वारदक नावाची बाई होती. मुंबई विमानतळावर पंचवीस किलो सोन्याचं प्रकरण झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. त्याचं समर्थन कुणी करू नये. तरी एका बाईच्या खुर्चीवर आज ज्या राजवटीचा माणूस बसलाय तिच्यात बाई क्लार्कसुद्धा होणं कठीण, हे त्या इमारतीसमोरून जाताना आठवतं.

पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधी आपापल्या खासदाराला एक पत्र लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. तीन प्रश्न पुरेत: ऑगस्ट २०२१ नंतर किती अफगाण विद्यार्थ्यांना भारताचा व्हिसा मिळाला, त्यांत मुली किती, आणि त्या वर्षी ज्यांचे व्हिसा रद्द झाले त्यांतल्या कितींना आपलं अर्धवट राहिलेलं शिक्षण इथं येऊन पूर्ण करता आलं. लोकसभेत लेखी प्रश्नाला सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. पत्राची एक प्रत आम्हाला पाठवा. खासदारांची उत्तरं आली तर ती दोन्ही भाषांत छापू, आणि नाही आली तर तेही छापू.